गाणं कुणाचं, रेकॉर्डिंग कुणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नैऋत्य व्हर्जिनियात, फ्लॉइडच्या आसपासच्या खेड्यात तुमचा पाच जणांचा बँड आहे. गाणारा आणि गाणी लिहिणारा मित्र गवताची शेती करतो, थोडी गुरं सांभाळतो. तुम्ही लहानपणी सांगलीत व्हायोलिन शिकलात, आता नोकरीमुळे ब्लॅक्सबर्गला आहात, एच-१बी व्हिसावर, आणि दोन वर्षांपासून त्याच्याबरोबर फिडल वाजवता. मित्राची स्वतःची अकरा गाणी तयार आहेत. रेकॉर्डिंग नॅशव्हिलला करावं की गावातच, खर्च किती येईल, स्पॉटिफाय वगैरे ठिकाणी कुणामार्फत टाकावं, आणि पैसे आलेच तर वाटायचे कसे, असं तुम्ही विचारलंय.

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, वर लिहिलंय की "आमच्यात पैशावरून वाद होणार नाहीत". मी तिथूनच सुरुवात करतो. ईस्ट टेनेसीत, ब्रिस्टलपासून तासाभराच्या अंतरावर, मी एकोणीस वर्षं लहानसा स्टुडिओ चालवतोय. माझ्याकडे येणारे बहुतेक बँड तुमच्यासारखेच असतात. एक जण लिहिणारा, बाकीचे साथीला, कुणी शाळेची बस चालवतो, कुणी नर्स, कुणी सुतार. त्यांचं घोडं माइकवरून किंवा स्पॉटिफायवरून अडलेलं मी क्वचित पाहिलंय. अडतं ते एकाच जागी: आपण जे बनवलं ते नक्की कुणाचं, हे कुणी कधी बोललेलंच नसतं.

मराठी माणसाला हे समजावायला सोपं आहे. गाणं म्हणजे जमीन आणि रेकॉर्डिंग म्हणजे त्या जमिनीत एका हंगामात घेतलेलं पीक. अमेरिकन कायद्यात हे दोन वेगळे कॉपीराइट आहेत. शब्द आणि चाल यांचा एक. त्या गाण्याचं तुम्ही पाच जणांनी अमुक दिवशी जे ध्वनिमुद्रण केलंत, त्याचा दुसरा. जमिनीचा सातबारा तुमच्या मित्राच्या नावावर आहे, कारण शब्द त्याचे, चाल त्याची. उद्या त्याने तेच गाणं दुसऱ्या वादकांबरोबर पुन्हा रेकॉर्ड केलं, तर ते नवं पीक, त्यात तुमचा वाटा नाही. पण या हंगामात पाचही जणांनी घाम गाळलाय, त्यामुळे या पिकाची वाटणी आधी ठरली पाहिजे.

या भागातल्या संगीताचा व्यवसायच या मुद्द्यावर उभा राहिलाय. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पीअर हा माणूस व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी यंत्रं घेऊन ब्रिस्टलला आला. स्टेट स्ट्रीटवरच्या टोप्यांच्या एका जुन्या गोदामात, रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनियाची हद्द, दोन आठवडे रेकॉर्डिंग चाललं. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या कंट्री संगीतातल्या आद्य गायकांची पहिली रेकॉर्डिंग्ज तिथलीच. एका गाण्याला पन्नास डॉलर रोख आणि विक्रीवर थोडी रॉयल्टी असा हिशेब होता. पीअरने मात्र व्हिक्टरकडून पगार घेतला नाही, गाण्यांचे प्रकाशनहक्क स्वतःकडे ठेवले. पीक इतरांनी विकावं आणि जमीन आपल्याकडे राहावी, हे त्याला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

त्याच कार्टर घराण्याच्या गोष्टीतला दुसरा माणूस लेस्ली रिडल. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरातून हिंडायचे, तेव्हा हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्या सोबत असायचा. कार्टर शब्द उतरवून घ्यायचे आणि चाल रिडल डोक्यात साठवून आणायचा. घरी येऊन तो ती वाजवून दाखवायचा, मग ती कुटुंबाच्या गळ्यात बसायची. रेकॉर्डवर नाव लागलं कार्टरांचं. रिडलचं योगदान जगाला कळलं ते कित्येक दशकांनंतर. मी ही गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बँडला सांगतो, कारण तिच्यात कुणी चोर आहे असं मला वाटत नाही. दोन मित्र मोटारीतून गाणी शोधायला निघालेत, अशा वेळी कागद काढायचं कुणाच्या मनात येणार? पण कागद नव्हता, म्हणून एक माणूस इतिहासातून गळाला.

'द बँड' या नावाच्या रॉक बँडचं उदाहरण जास्त ओळखीचं. बहुतेक गाण्यांवर रॉबी रॉबर्टसनचं नाव आहे. अर्कान्सॉच्या शेतकरी कुटुंबातून आलेला ड्रमर आणि गायक लेव्हन हेल्म याने १९९३ च्या आत्मचरित्रात उघड तक्रार केली की ती गाणी सगळ्यांनी मिळून घडवली होती. रॉबर्टसन म्हणत राहिला की लिहिणारा मीच. एकाच खोलीत वर्षानुवर्षं वाजवलेली ही माणसं. कोण बरोबर होतं हे ठरवणं माझं काम नाही. पण हा वाद मिटवणारा एक कागद पहिल्याच वर्षी लिहिता आला असता.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात एका चौघांच्या बँडचा अल्बम मी रेकॉर्ड केला. कागदपत्र काही नाही, मीही सुचवलं नाही. तीन वर्षांनी त्यातलं एक गाणं एका जाहिरातीसाठी हवं असा निरोप आला. जाहिरातीला गाण्याच्या मालकाची परवानगी लागते आणि रेकॉर्डिंगच्या मालकांचीही, आणि कंपन्या सगळ्यांच्या सह्या मागतात. तोवर बास वाजवणारा भांडून दुसऱ्या राज्यात गेला होता. त्याने सही दिली नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मला कुणी विचारलंच नव्हतं. आठवडाभर फोन झाले, मग जाहिरातवाल्यांनी दुसरं गाणं घेतलं. एरवी भाऊबंदकी जमिनीच्या तुकड्यावरून होते, इथे तीन मिनिटांच्या गाण्यावरून झाली. त्यानंतर माझ्याकडे पहिला माइक लागायच्या आधी एक पानाचा कागद सही होतो.

त्या पानावर काय असावं? गाण्याच्या बाजूला प्रत्येक गाण्याचं नाव आणि शब्द-चालीत कुणाचा किती टक्के वाटा. तुमच्या बाबतीत मला वाटतं मित्राचे शंभर टक्के, पण एक गोष्ट तपासा. तुम्ही लिहिलंय की दोन गाण्यांची सुरुवात तुमच्या फिडलच्या तुकड्याने होते आणि लोक तो तुकडा गुणगुणतात. मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारतो: तो तुकडा काढला तर गाणं उभं राहतं का? राहत असेल तर ती साथ. त्या तुकड्याशिवाय गाणं ओळखूच येत नसेल, तर त्या एका गाण्यात तुम्हाला वाटा देण्याबद्दल मित्राशी मोकळेपणाने बोला. कायदा इथे तुमच्यावर विसंबून आहे. सहलेखक ठरलात आणि कागदावर काही नसेल, तर दोघांचे वाटे समान धरले जातात, कुणी एक ओळ लिहिली की अख्खं गाणं हे बघितलं जात नाही. म्हणजे न बोलण्यात तुमच्या मित्राचंही नुकसान होऊ शकतं.

रेकॉर्डिंगच्या बाजूला माझ्या भागात सर्वात टिकलेली पद्धत अशी: खर्च ज्याने केला त्याचे पैसे आधी वळते करायचे, मग उरेल ते पाच जणांत समान. एखादा बँड सोडून गेला तर ज्या रेकॉर्डिंगवर तो वाजवतोय त्यातला वाटा त्याच्याकडे राहतो, पुढच्या कामात त्याचा हक्क नाही. आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या इंजिनिअरचीही सही घ्या, की ठरलेली फी मिळाल्यावर माझा मालकीवर दावा नाही. मी स्वतः अशी सही देतो. बँडचं नाव कुणाचं, मित्र निघून गेला तर बाकीचे ते नाव वापरू शकतात का, हीसुद्धा एक ओळ टाका.

आता तुमच्या व्हिसाचं. तुम्ही ते सहज नमूद केलंय, पण मला तिथे थांबावंसं वाटलं. एच-१बीवर तुम्हाला फक्त ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याकडेच काम करता येतं. शुक्रवारी रात्री वाजवून शंभर डॉलर खिशात घालणं म्हणजे परवानगीबाहेरचं काम धरलं जाऊ शकतं. एरवी ज्याचे पैसे मिळतात ते काम फुकट केलं तरी प्रश्न विचारला जाऊ शकतो. रॉयल्टीचं उत्पन्न कुठल्या खान्यात बसतं, यावर वेगवेगळी मतं ऐकलीत आणि मी वकील नाही. म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराची फी द्या आणि लेखी सल्ला घ्या. मित्रांनाही स्पष्ट सांगा. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाने हा धोका नकळत पत्करू नये. माझ्या ओळखीचा एक मराठी मुलगा केवळ हौसेपोटी दोन वर्षं वाजवत होता आणि नंतर अर्ज भरताना त्याच्या झोपेचं खोबरं झालं.

एवढं झालं की उरलेलं काम आनंदाचं आहे.

रेकॉर्डिंग कुठे करावं हे गाण्यांवर आणि तुमच्या सवयीवर अवलंबून आहे. नॅशव्हिलचे स्टुडिओ आणि वादक अप्रतिम आहेत, यात वाद नाही. गाण्यांना पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार), ऑर्गन, थरावर थर अशी मांडणी हवी असेल आणि ती वाजवणारा तुमच्यात कुणी नसेल, तर तिकडे जाण्यात अर्थ आहे. पण तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून, अकूस्टिक गिटार, फिडल, बँजो, अपराइट बास आणि ब्रशने वाजवलेला छोटा ड्रम, तुम्ही रोज एकत्र वाजवता, समोरासमोर बघून वाजवता. असा बँड वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत हेडफोन लावून बसवला की पहिली गोष्ट जाते ती श्वास. तुमचा मित्र कडव्याच्या शेवटी जरा थांबतो, तुम्ही त्याच्या खांद्याकडे बघून गज उचलता. ते क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यंत्राच्या ठेक्यावर, होत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर लाकडी जमिनीचं एखादं जुनं चर्च किंवा ग्रेंज हॉल (शेतकरी संघटनेचं सभागृह) दोन दिवस भाड्याने घेतला असता आणि ओळखीच्या इंजिनिअरला तिथे बोलावलं असतं. पाच जण अर्धवर्तुळात. गायकासमोर फिगर-एट जातीचा रिबन माइक. हा माइक पुढून आणि मागून ऐकतो, पण त्याच्या दोन्ही कुशी बहिऱ्या असतात. ती बहिरी कूस ड्रमकडे केली की ड्रम आवाजात शिरत नाही. फिडल थोडं शिरेलच, त्याची भीती बाळगू नका. मात्र एक लक्षात घ्या: फिडल गायकाच्या माइकमध्ये शिरलं की नंतर आवाज संगणकावर सुरात ओढता येत नाही. टेक, म्हणजे गाण्याचं एक अखंड रेकॉर्डिंग, पूर्ण वाजवून, पूर्ण गाऊनच मिळवायचा. माझ्या मते या संगीताला तेच हवं.

बारीक गोष्टी सांगतो, कारण दिवस त्यांच्यात जातो. हॉलमधला फ्रिज बंद करा, त्याची घरघर संथ गाण्यात नक्की ऐकू येते. बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत सुरू केल्याशिवाय घरी जाताच येणार नाही. खुर्च्या करकरत नाहीत ना हे बसून बघा. गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला, सकाळी नको, नव्या तारा तासातासाला उतरतात. आणि दुपारी जेवणानंतरचा पहिला टेक फेकून द्यायचा आहे असं धरूनच वाजवा.

तुमच्या वादनाबद्दल एक, विचारलं नसलंत तरी. या भागातले जुने फिडलवाले 'ए'मधल्या चालींसाठी तारा ए-ई-ए-ई अशा लावतात. म्हणजे सा-प-सा-प. तुम्ही हिंदुस्थानी पद्धतीने शिकलात, तर सा आणि पवर तारा लावणं तुमच्या हातात आहेच. ब्लॅक्सबर्गच्या जॅममध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीत, पहिल्यांदा ते ऐकलंत तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं असेल. संथ गाण्यात तुमची मींड दाबू नका. डोंगरातले जुने गायकही सुरावर घसरत घसरतच येतात. मित्राला ती आवडत असेल तर ती या अल्बमची ओळख होऊ शकते.

खर्चाचं. माझ्या भागात हॉल, दोन दिवस इंजिनिअर, मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवणं) आणि मास्टरिंग (शेवटचा हात फिरवणं) धरून अकरा गाण्यांचं काम साडेतीन ते सहा हजार डॉलरमध्ये होतं. तुमच्याकडे दर थोडे वेगळे असतील. स्टर्जिल सिम्प्सन या केंटकीच्या गायकाने २०१४ चा त्याचा दुसरा अल्बम, ज्याने तो देशभर पोचला, सुमारे चार हजार डॉलरमध्ये आणि मोजक्या दिवसांत केला होता. ते जमलं कारण बँड रस्त्यावर वाजवून वाजवून तयार होता. म्हणून पदरमोड करण्याआधी अकरा गाणी सलग तीन वेळा, कागद न बघता, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ज्या गाण्यात अजून चर्चा होते ते गाणं तयार नाही. आठच तयार असतील तर आठच करा.

मिक्स झाल्यावर गावातल्या जुन्या पिकअप ट्रकमध्ये ऐका. तुमचा श्रोता तिथेच ऐकणार आहे.

आता गाणी बाहेर कशी काढायची. वितरकाबद्दल फार डोकं शिणवू नका. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी यांपैकी कुणीही स्पॉटिफाय, अ‍ॅपल, यूट्यूबवर गाणं पोचवतं. कुणी वर्षाची फी घेतं, कुणी एकदाच फी आणि वर टक्का. सदस्यत्व बंद केल्यावर गाणी राहतात की उतरतात एवढं मात्र वाचा. बँडकँप या थेट विक्रीच्या साइटवर स्वतंत्र पान काढा. ते डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के घेतात, म्हणजे दहा डॉलरच्या अल्बममागे कार्डाचा खर्च वजा जाता आठेक डॉलर तुमच्या हातात येतात. ज्याला तुमचं गाणं खरंच आवडलं त्याला तिथे पाठवा. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळतच नाहीत. तिथे असायला हवं, कारण लोक शोधतात, पण त्यावर हिशेब बांधू नका.

जिथे छोट्या बँडचे पैसे खरोखर वाया जातात ती जागा दुसरीच आहे. वितरक फक्त पिकाचे, म्हणजे रेकॉर्डिंगचे पैसे आणून देतो. जमिनीचे पैसे वेगळ्या वाटांनी येतात आणि नाव नोंदवलं नाही तर ते तसेच पडून राहतात. तुमच्या मित्राने गीतकार म्हणून बीएमआय किंवा अ‍ॅस्कॅप यांपैकी एका संस्थेत नाव घालावं. रेडिओवर, कार्यक्रमात गाणं वाजलं की ते गीतकाराला पैसे देतात. स्वतःच्या कार्यक्रमात स्वतःचीच गाणी गायल्याची यादी भरली तरी देतात. स्ट्रीमिंगवरचे मेकॅनिकल हक्काचे, म्हणजे गाण्याची प्रत काढण्याच्या हक्काचे, पैसे २०२१ पासून मेकॅनिकल लायसेन्सिंग कलेक्टिव्ह ही संस्था गोळा करते, तिथे वेगळी नोंद लागते, आणि ती फुकट आहे. पाच जणांसाठी महत्त्वाची आहे साउंडएक्स्चेंज. इंटरनेट रेडिओ, उपग्रह रेडिओ यांचे पैसे ती आणते: पन्नास टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, पंचेचाळीस टक्के मुख्य कलाकारांना, पाच टक्के साथीच्या वादकांच्या निधीला. साध्या एफएमवर मात्र अमेरिकेत वादकांना काहीच मिळत नाही, फक्त गीतकाराला मिळतं. म्हणून मी वर म्हटलं की जमीन मित्राची असेल तर पिकात तरी बाकीच्यांना बरोबरीने बसवा.

इथवरचं एका दमात: आधी एक पान सह्यांचं, तुमच्यासाठी वकिलाचा सल्ला, मग दोन दिवसांचं रेकॉर्डिंग, आणि प्रकाशनाआधी गीतकाराची संस्था, मेकॅनिकल कलेक्टिव्ह आणि साउंडएक्स्चेंज या तिन्ही ठिकाणी नोंदणी. गाण्याचं नाव प्रत्येक ठिकाणी अक्षर न अक्षर सारखं लिहा, नाहीतर पैसे दुसऱ्याच नावावर अडकतात.

कॉपीराइट ऑफिसमध्ये अल्बममधल्या वीसपर्यंत गाण्यांची, किंवा वीसपर्यंत रेकॉर्डिंग्जची, एका अर्जात एकत्र नोंद होते, ६५ डॉलर. प्रकाशनानंतर तीन महिन्यांच्या आत ती झाली असेल तर कुणी गाणं उचललं तर कायद्याने ठरवलेली भरपाई आणि वकिलाचा खर्च मागता येतो. चोरी झाल्यावर नोंदवायला धावणं म्हणजे वरातीमागून घोडं. बारावं गाणं म्हणून एक कव्हर, म्हणजे दुसऱ्या कुणाचं गाणं, घ्यायचा विचार आहे असं लिहिलंय. घ्या, पण परवान्याचे पैसे भरून, काही वितरक ते करून देतात. २०२५ चा दर प्रत्येक प्रतीमागे १२.७ सेंट होता. खरोखरच पारंपरिक बॅलड (गोष्ट सांगणारं लोकगीत) असेल तर परवाना लागत नाही, पण तुम्ही ती कुणाच्या रेकॉर्डवरून उचललीत ते तपासा, कारण त्या माणसाने चालीत केलेला बदल त्याचा असू शकतो.

वितरकाच्या अर्जात संगीताच्या वर्गवारीचा रकाना येईल: कंट्री की अमेरिकाना (कंट्री, लोकसंगीत यांच्या जुन्या मुळांवरचं संगीत)? अमेरिकाना म्हणा. नॅशव्हिलची अमेरिकाना म्युझिक असोसिएशन १९९९ ची, ग्रॅमीत या नावाचा वेगळा पुरस्कार २०१० पासून आहे, आणि या नावाखाली गाणी शोधणारे रेडिओवाले अल्बम पूर्ण ऐकतात.

वेळापत्रक: वितरकाकडे गाणं किमान पाच-सहा आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना विनंती प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी जायला लागते, मी महिनाभर आधी पाठवायला सांगतो. पहिलं गाणं, पाच आठवड्यांनी दुसरं, मग अल्बम. सीडी शंभर काढा, आमच्या डोंगरात अजून सीडी विकल्या जातात. व्हिनाइलची (एलपी तबकडीची) घाई नको: एका बाजूला बावीस मिनिटांपलीकडे गेलात की आवाज बारीक होतो, आणि छापून यायला महिने लागतात. लोक मागायला लागले की काढा.

ओलिव्हर अँथनीचं नाव तुम्ही घेतलंत. बरोबर, तोही व्हर्जिनियाच्या फार्मव्हिलचा, ऑगस्ट २०२३ मध्ये झाडीत उभं राहून गायलेलं त्याचं एक गाणं थेट बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर गेलं. असं घडतं, पण ते ठरवून घडवता येत नाही. मला जास्त शिकण्यासारखा वाटतो टायलर चाइल्डर्स. पूर्व केंटकीच्या लॉरेन्स काउंटीचा. पहिला अल्बम २०११ मध्ये, मग केंटकीतल्याच रेड बार्न रेडिओवरची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज, आणि देशाने दखल घेतली २०१७ मध्ये. मधली सहा वर्षं तो त्याच डोंगरातल्या लोकांसमोर गात होता.

तुमच्याकडेही तशा जागा आहेत. फ्लॉइड कंट्री स्टोअरची शुक्रवारची जॅम्बोरी, ब्रिस्टलच्या संग्रहालयातला रेडिओ ब्रिस्टल, नॉक्सव्हिलचं डब्ल्यूडीव्हीएक्स, व्हाइट्सबर्गचं डब्ल्यूएमएमटी. ही रेडिओ स्टेशनं माणसं चालवतात. सीडीबरोबर चार ओळींचं हाताने लिहिलेलं पत्र पाठवा: गाणी कुणी लिहिली, कुठे रेकॉर्ड केली, तिसरं गाणं कशाबद्दल आहे. मी तिथे काम करणाऱ्यांना ओळखतो, ते ऐकतात.

शेवटी तुमची ती काळजी, की बारमध्ये लोक कव्हरच मागतात. सुरुवातीला मागणारच. मी बँडना सांगतो की नवं गाणं माफी मागत सादर करू नका. "हे आमचं नवीन आहे, जरा सांभाळून घ्या" असं म्हटलं की लोक बिअर आणायला उठतात. ओळखीचं गाणं संपल्यावर टाळ्या थांबायच्या आत नव्याचा पहिला सूर लावा, आणि तेच नवं गाणं पुढच्या चारही शुक्रवारी त्याच जागी वाजवा. पाचव्या शुक्रवारी पहिल्या रांगेतली बाई ध्रुवपद म्हणत असेल. अल्बममधून पहिलं कुठलं गाणं बाहेर काढायचं हे तिच्याकडे बघून ठरवा.